हळद पाच रुपये किलो

‘संपूर्ण भारतात फ्री डिलिव्हरी’ हे दुकानाच्या पहिल्याच पानावर कुणाला विचारून लिहिलंस? आईला विचारलंस? वहीला विचारलंस? ‘सगळेच लिहितात, बाई’ हे उत्तर मला नको. बारावीत पुस्तपालनाच्या पेपरात तू शेजारच्याच्या ताळेबंदाची बेरीज जशीच्या तशी उतरवायचास. बेरीज त्याची, वरच्या नोंदी तुझ्या. आजही तेच केलंयस. पाटी दुसऱ्याची आणि खर्च तुझा.

सांगलीची हळद, तासगावचे बेदाणे आणि घरच्या कुरडया. माल चोख आहे, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. वेबसाइटही नीटनेटकी आहे, फोटोत कुरडईची तारन्‌तार मोजता येते. फोटोसाठी जेवढा घाम गाळलास त्याचा दहावा हिस्सा वजनकाट्यापाशी गाळला असतास तर आज अशी मान खाली घालून बसायची वेळ आली नसती. मान वर कर. बिलं काढ. कुरिअरवाल्याशी केलेला करारही काढ. सही ठोकलीस खरी, वाचलास का तो?

वाच मोठ्यानं. महाराष्ट्रात पहिल्या अर्ध्या किलोला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५. राज्याबाहेर ६५ आणि ५५. ईशान्य भारत आणि काश्मीरला ८५ आणि ७५. त्यावर १८ टक्के जीएसटी. अर्ध्या किलोच्या वर चार ग्राम गेले तरी पुढचा अख्खा अर्धा किलो लागू. एवढं स्पष्ट, मराठी माणसाला समजेल असं लिहिलेलं असताना तू एकदाही कागद-पेन्सिल घेतली नाहीस.

आता हे बिल घे. किलोभर हळद, किंमत २४० रुपये, जायची दिब्रुगडला. खोका, पिशवी, चिकटपट्टी धरून वजन एक किलो दीडशे ग्राम. म्हणजे अर्ध्या किलोचे तीन टप्पे. ८५ आणि दोनदा ७५, झाले २३५. जीएसटी मिळवून २७७ रुपये ३० पैसे. ग्राहकानं दिले २४०. म्हणजे किलोभर हळद फुकट दिलीस आणि वर सदतीस रुपये तीस पैसे दक्षिणा. हळदीकुंकवालाही कुणी इतकी देत नाही रे. दुसऱ्या राज्यात माल विकतोस म्हणून जीएसटीची नोंदणी तुला घ्यावीच लागली, पण कुरिअरच्या बिलातला जीएसटी वजा करून घेतलास का? नाही. घेतला असतास तर बेचाळीस रुपये तीस पैसे वाचले असते आणि हळद पाच रुपये किलोनं विकली गेली असती. तेवढी प्रगती तरी झाली असती.

(करमाफ मालावर तो जीएसटी वजा मिळत नाही, हेही लक्षात ठेव. तुझा कोणता माल कशात बसतो ते सीएला विचार, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नको.)

हळदीचं निदान काट्यावर कळतं. कुरडयांनी तुला काट्याबाहेर लुटलंय. हा खोका आण इकडे. आत काय आहे? किलोभर कुरडया. तू भाडं धरलंस एका किलोचं, बिल आलं तीन किलोचं, आणि मग कुरिअरवाल्याला फोन करून चोर म्हणालास. तो चोर नाही. टेप घेऊन मोज. लांबी तीस सेंटिमीटर, रुंदी पंचवीस, उंची वीस. गुणाकार पंधरा हजार. त्याला पाच हजारांनी भाग. तीन आले ना? हेच ते आकारमानाचं वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात, कारण ट्रकमधली आणि विमानातली जागा तुझ्या खोक्यानं अडवली आहे, मग आत लोखंड असो नाहीतर हवा. तू हवा पाठवलीस. कुरडई स्वतःच निम्मी हवा, तिच्या भोवती हवेच्या पिशव्या, त्यांच्या भोवती मोठा खोका, कारण बाजारात तो तयार मिळत होता. मुंबईला जायचे एका किलोचे ९४ रुपये ४० पैसे होतात. तू भरलेस २५९ रुपये ६० पैसे. कुरडयांची किंमत ४२०. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण तू परीक्षेत वाक्यात वापरली होतीस, आता व्यवहारात वापरतोयस.

आणि यावर उपाय काय शोधलास, तर दर कमी करणारा दुसरा कुरिअरवाला. अरे, आधी खोका बदल. या कुरडया एकावर एक नीट रचल्या तर तीस, वीस, चौदाच्या खोक्यात बसतात, तुझ्या आईनंच मला रचून दाखवल्या. गुणाकार आठ हजार चारशे, भागाकार एक पूर्णांक अडुसष्ट, म्हणजे दोन किलोचा दर. १७७ रुपये. एका पार्सलमागे ८२ रुपये ६० पैसे सुटले, कुणाशी भांडण न करता. बेदाण्याचंही तसंच. अर्धा किलो बेदाणे तू भरलेस, पण खोक्यासकट ते सहाशे चाळीस ग्राम होतात आणि किलोचा दर लागतो. चारशे ग्रामचं पाकीट कर, हलक्या पाकिटात घाल, चारशे नव्वदवर थांबव. एक टप्पा वाचतो. ग्राहकाकडून किती घ्यायचं हा प्रश्न नंतरचा, आधी तुला किती लागतात ते ठरव. तुझी सगळी चर्चा उलट्या टोकानं चालली आहे.

‘पण पत्र काश्मीरलाही त्याच तिकिटात जातं, मग पार्सल का नाही?’ असं मघाशी दारात म्हणालास. प्रश्न चांगला आहे, म्हणून तेवढ्यापुरता राग आवरते. एकच दर ही कल्पना रोलंड हिल नावाच्या इंग्रजाची. तो मूळचा शाळामास्तर, हे मुद्दाम सांगते. त्यानं १८३७ साली आकडेमोड केली तेव्हा लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून न्यायला पेनीचा छत्तिसावा भाग लागतो असं निघालं. खरा खर्च होता तो गोळा करणं, नोंदवणं, दारोदार पैसे वसूल करणं यांचा. अंतराला किंमतच नव्हती, म्हणून त्यानं अंतर काढून टाकलं. १८४० साली तिकडे एक पेनी आली, १८५४ साली डलहौसीच्या काळात आपल्याकडे अर्ध्या आण्याचं तिकीट आलं. हिलनं आधी मोजलं आणि मग सगळ्यांना एक दर लावला. तू न मोजताच लावलास. आणि पत्राचं गणित पार्सलला लागू पडत नाही, हे पोस्टालाही माहीत आहे. त्यांच्या स्पीड पोस्टचा दर वजन आणि अंतर दोन्ही बघूनच ठरतो.

मोठ्या कंपन्यांचं नाव तर माझ्यासमोर काढूच नकोस. ॲमेझॉननं फुकट पाठवणं सुरू केलं तेव्हा अट होती ९९ डॉलरच्या खरेदीची. २००२ या एका वर्षात ती उतरत उतरत २५ डॉलरवर आली, आणि दर पायरीला त्यांनी हिशेब पाहिला. २००५ साली प्राइम काढलं तेव्हा वर्षाचे ७९ डॉलर गिऱ्हाइकाकडून आधीच घेतले. त्याला तू फुकट म्हणतोस? फ्रान्समध्ये पुस्तकं फुकट पोचवण्यावरून छोट्या पुस्तकविक्रेत्यांचा जीव इतका मेटाकुटीला आला की सरकारनं २०१४ साली कायदा करून ते बंद केलं. तर ॲमेझॉननं एक सेंट लावला. शेवटी ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोच्या आतल्या पुस्तकखरेदीला कमीत कमी ३ युरो घ्यायचे, असा नियम आला. एक सेंट लावून वर्षानुवर्षं तग धरणाऱ्याच्या शेजारी तू सांगलीत बसून पाटी लावणार?

बरं, तोटा दिसल्यावर तू काय केलंस तेही बघू, कारण ते पहिल्या चुकीहून वाईट आहे.

पाटी तशीच ठेवलीस आणि अगदी शेवटच्या पानावर, पत्ता भरून झाल्यावर, पैसे भरायच्या बटणाच्या वर ‘हाताळणी शुल्क ८५ रुपये’ असं बारीक अक्षरात घुसवलंस. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि तेही अशा वेळी की गिऱ्हाईक बाईनं पिनकोड, मजला, लिफ्टशेजारचा दरवाजा सगळं टाइप केलंय. ती चिडून निघून गेली तर दोष तिचा? लाज वाटण्याची गोष्ट राहू दे बाजूला, हे नियमातही बसत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी लागते आणि तिची फोडही, पोचवण्याचा आणि हाताळणीचा खर्च धरून. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात हे आहे. ड्रिप प्रायसिंग म्हणतात त्याला. तू ते मुद्दाम केलं नाहीस, घाबरून केलंस, हे मला कळतं. समोरच्या बाईला ते कळायचं कारण नाही.

मग कुणीतरी सांगितलं, भाडं किमतीत मिसळ. मिसळलंस. हळद २४० ची ३२० केलीस. पाकिटावर एमआरपी काय छापली होती? २६०. छापलेल्या किमतीच्या वर विकता येत नाही, हे मी तुला शिकवलेलं नसून तुझ्या गल्लीतल्या किराणावाल्यानं शिकवलेलं असणार. नवी एमआरपी छापून ती अडचण सुटेल, पण दुसरी सुटत नाही. मिरजेतला माणूस, ज्याच्याकडे तुझा भाऊ सायकलवरून पुडा देऊन येतो, तो दिब्रुगडच्या भाड्याचा वाटा का भरेल? आणि जी बाई वर्षाची पाच किलो हळद एकदम मागवते तिच्याकडून तू ऐंशी रुपये पाच वेळा घेतलेस. एका खोक्यातून पाच किलो जाताना पहिल्या अर्ध्या किलोचं भाडं एकदाच लागतं, पुढचं कमी दरानं वाढतं. मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुझं खरं गिऱ्हाईक, आणि तू नेमका त्याच्याच खिशात हात घातलास. ती पुढच्या वर्षी येणार नाही, आणि का आली नाही हे तुला कळणारही नाही.

भाडं किमतीत मुरवूच नये असं मी म्हणत नाही. बेदाण्यात थोडं मुरतं. किलोला ४८० रुपये येतात, वजनाच्या मानानं किंमत जास्त. हळदीत मुरत नाही. कुरडईत तर अजिबातच नाही, तिथं नाकापेक्षा मोती जड होतो. तीन वेगळे माल आणि तू तिघांना एकच सदरा शिवलास.

आणि मग लावलेली ‘९६० च्या वर फ्री’ ही मर्यादा तरी कुठून आणलीस? कुणाच्या तरी जाहिरातीतले ४९९ बघितलेस आणि दुप्पट करून थोडे कमी केलेस, एवढंच ना? चल, जीएसटी वजा मिळाला असं धरून सोडव. ९६० चे बेदाणे म्हणजे दोन किलो. तुझा नफा शेकडा २५, म्हणजे २४० रुपये. खोक्यासकट सव्वादोन किलो, महाराष्ट्रात पाच टप्पे, १८५ रुपये. उरले ५५, त्यातून पैसे घेणाऱ्या गेटवेचे दोन टक्के म्हणजे एकोणीस गेले, खोका-चिकटपट्टी गेली. काहीतरी उरतं. आता ९६० ची हळद. चार किलो. नफा तोच, २४०. वजन चार किलो तीनशे, नऊ टप्पे, ३२५ रुपये. पंच्याऐंशी रुपये अंगावर. मर्यादा तीच, राज्य तेच, गिऱ्हाईकही कदाचित तेच. रुपयांत मर्यादा घालणाऱ्यानं आधी आपल्या मालाचे एका रुपयाला किती ग्राम पडतात ते बघायचं असतं. तुझ्या दुकानात मर्यादा घालायचीच तर बेदाण्यावर घाल, ती फक्त महाराष्ट्रापुरती, आणि फुकट म्हणू नकोस. ‘दोन किलोच्या वर निम्मं भाडं आम्ही देऊ’ असं लिही. लोक बेरीज करू शकतात. तुझ्यापेक्षा बरी.

कॅश ऑन डिलिव्हरी. त्या विषयावर बोलायला मला आवडत नाही, पण बोलायलाच हवं. नागपूरहून किती कुरडया परत आल्या? दार उघडलं नाही, घरी कुणी नव्हतं, ‘आम्ही मागवलंच नाही’. करारात परतीचं भाडंही तेवढंच लिहिलंय. जायचे २५९ रुपये ६० पैसे, यायचे तितकेच. ५१९ रुपये २० पैसे घालवून तू कुरडयांचा चुरा घरी आणलास. यात नवीन काही नाही. आपल्या टपालखात्यानं १८७७ साली व्हीपी सुरू केली. माल सोडवताना पोस्टमनला पैसे द्यायचे, न सोडवला तर तो पाठवणाऱ्याच्या दारात परत. जुन्या मराठी मासिकांत पुस्तकांच्या जाहिराती बघ, किमतीच्या खाली ‘टपालखर्च वेगळा’ असं सरळ छापलेलं असायचं. कुणाला त्याची लाज वाटत नव्हती आणि कुणी त्यामुळे पुस्तकं घ्यायचं थांबलं नाही. तू कुरडयांना रोखीची सोय बंद कर. बाकीच्यांना ठेवायची तर त्याचे चाळीस रुपये वेगळे, आणि ते आधी सांगून.

मग आता करायचं काय, हे विचारायला तोंड उघडतोयस ना? ऐक. मालाच्या पानावरच पिनकोड टाकायची चौकट दे. टाकला की भाडं तिथल्या तिथं दिसलं पाहिजे, टोपलीत नाही आणि शेवटच्या पानावर तर नाहीच. आकडे गोल ठेव, लोकांना ९४ रुपये ४० पैसे नको असतात. सांगली-मिरज-कुपवाड एक दर, उरलेला महाराष्ट्र दुसरा, राज्याबाहेर तिसरा. ईशान्येला आणि काश्मीरला जेवढं लागतं तेवढं, एक रुपया कमी नाही आणि जास्तही नाही. दिब्रुगडचा माणूस सांगलीची हळद मागवतो तो भाडं स्वस्त आहे म्हणून नाही. कुरडया सध्या राज्याबाहेर बंद, नवे खोके येईपर्यंत. एका खोक्यात दुसरा माल वाढवला तर भाडं किती कमी वाढतं हे पाच किलो हळद मागवणाऱ्या बाईला दाखव, ती आपण होऊन बेदाणे टाकेल. गिऱ्हाइकाकडून घेतलेलं भाडं बिलात मालाच्या किमतीत धरलं जातं आणि मालाचा जो जीएसटीचा दर तोच त्याला लागतो. हळदीच्या बिलात भाड्यावर १८ टक्के लावून बसू नकोस, तुला त्याचीही खोड आहे. पुण्यातल्या नात्यागोत्यातल्यांना एसटीच्या पार्सलनं पाठव, त्यांना स्टँडवर जाऊन आणायला काही होत नाही.

आणि आता शेवटचं. याचाच मला जास्त राग आहे.

एवढ्या बिलांत मी भरणावळीचा आकडा शोधत होते. खोका सोळा रुपये लिहिलायस, चिकटपट्टी दोन रुपये, लेबल एक. माणूस कुठाय? ‘पॅकिंग आईच करते’ असं किती सहज म्हणालास. रात्री अकरापर्यंत ती जमिनीवर बसून कुरडया रचते, एक मोडली तर बाजूला काढून दुसरी लावते, पाकिटाचं तोंड मेणबत्तीवर बंद करते, कारण सीलिंगचं यंत्र तुला महाग वाटलं. फोटोच्या दिव्याला पैसे होते. तिच्या एका खोक्याला मी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं लागतात. शंभर रुपये तासाचे धरले तरी अठरा रुपये होतात, आणि शंभरात आज शेतात बाई मिळत नाही. हे अठरा रुपये भाड्याच्या हिशेबात आलेच नाहीत, म्हणजे तुझी फ्री डिलिव्हरी अर्धी कुरिअरवाल्यानं दिली आणि अर्धी तिनं. कुरिअरवाल्यानं बिल तरी पाठवलं.

ते अठरा रुपये आजपासून प्रत्येक खोक्यावर लिहायचे, आणि महिन्याच्या शेवटी तिच्या हातात द्यायचे. घरात ठेवले म्हणायचं नाही, हातात द्यायचे. सीलिंगचं यंत्र उद्या. पाटी आत्ता, माझ्यासमोर, मोबाईल काढ आणि उतरव. तीन मालांचे, तीन वजनांचे, चार भागांचे दर एका तक्त्यात मांडून बुधवारी घेऊन ये. काट्यावर ठेवल्याशिवाय एकही वजन लिहायचं नाही, आणि या वेळी शेजाऱ्याचं बघून तर मुळीच नाही.